बंडीची धाव ते चौडा टायर: काळ्या मातीत चाक किती रुंद असावं?

मृगाचा पाऊस पडला की विदर्भातल्या पांदणीवर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, दरवर्षी एकच वाद रंगतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीला बारीक टायर बरे की चौडे? हा वाद मोटारीपेक्षा जुना आहे. मोटार आली त्याच्या कितीतरी आधी बैलबंडीने त्याचं एक उत्तर दिलं होतं आणि ते आजही बऱ्याच ठिकाणी लागू पडतं.

लाकडी बंडीचं चाक चार-पाच फूट उंच असायचं आणि त्यावरची धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, साधारण दोन इंच रुंद. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, पुठ्ठ्यांवर, म्हणजे चाकाच्या लाकडी घेरावर, चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. आवळून बसली की आरे घट्ट. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडली की चाक पाण्यात ठेवून फुगवायचं. हे उंच, अरुंद चाक वरचा गारा कापत खाली मुरमापर्यंत जायचं आणि तिथे आधार घ्यायचं. चाक उंच असल्यामुळे खड्ड्यातून वर यायला बैलांना ओढही कमी लागायची.

याची किंमत रस्त्याने मोजली. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. कापसाच्या बंड्या स्टेशनांकडे निघाल्या. अरुंद लोखंडी धावेने पक्का रस्ता चिरतो आणि कच्च्या वाटेवर खोल चाकोरी पडते. एकदा चाकोरी पडली की पुढची प्रत्येक बंडी त्याच चरातून जाते आणि तो आणखी खोल होतो. मराठीतली ‘चाकोरी’ अशीच चाकाने पाडलेली आहे. पुढे लाकडी चाकाच्या जागी हवेचे टायर आले. भरलेली बंडी वावरात हलकी चालू लागली आणि रस्ताही वाचला.

जीप आली ती बारीक टायर घेऊनच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 6.00-16 मापाचे टायर होते, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. 1948 च्या पहिल्या लँड रोव्हरलाही हेच माप होतं. आपल्याकडे महिंद्राच्या जीपने ते गावोगावी नेलं. आपल्या बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाला आजही 6.00-16 च असतं, कारण ओल्या वावरात वळायचं तर पुढच्या चाकाने माती कापायला हवी. मागे मात्र 13.6-28 सारखा रुंद, मोठ्या उंचवट्यांचा टायर असतो, कारण ओढ त्याच्यावर येते. एकाच यंत्रावर दोन्ही उत्तरं बसवलेली आहेत.

चौड्या टायरची हौस वाळवंटी शर्यतींनी वाढवली. मेक्सिकोतली बाहा शर्यत 1967 पासून सुरू आहे; तिथे वाळू आणि वेग, दोन्हींना रुंदी लागते. पुढे कारखान्यातून येणाऱ्या गाड्याही फुगत गेल्या. बोलेरोला 215/75 आर 15 आला (पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये), 2010 च्या थारला 235/70 आर 16 आणि 2020 च्या थारला 245/75 आर 16 किंवा 255/65 आर 18. जिमनी मात्र 2023 मध्ये 195/80 आर 15 वरच आली, आणि चिखलात तिला त्याचा फायदाच होतो.

चौडा टायर जास्त जागेवर टेकतो, असा एक गैरसमज घट्ट बसलाय. टायर जमिनीवर देतो तो दाब साधारण आतल्या हवेइतकाच असतो. एका चाकावर 450 किलो आणि हवा 30 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) असेल तर टायर टेकतो सुमारे 214 चौरस सेंटीमीटर जागेवर, मग तो बारीक असो वा चौडा. 15 सेंटीमीटर रुंद टायरचा ठसा 14 सेंटीमीटर लांब पडतो, 20 सेंटीमीटर रुंदचा पावणेअकरा. फरक आकाराचा. हवा 18 पीएसआयवर आणली की तोच ठसा 355 चौरस सेंटीमीटर होतो. चौड्या टायरचा खरा फायदा इथे आहे: त्यात हवा जास्त मावते, म्हणून ती जास्त उतरवता येते.

मग कुठे काय? यवतमाळ, वर्ध्याच्या माळरानावर काळ्या मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम. तिथे बारीक टायर खाली जाऊन पकडतो, चौडा वर तरंगत घसरतो. अकोला-अमरावती-बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती कित्येक मीटर खोल आहे. चाकाला तळ सापडतच नाही. बारीक टायर डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी, टेकेपर्यंत रुततो, चौड्याच्या खाचा चिकण मातीने भरून तो गुळगुळीत होतो आणि मडगार्डमध्ये गोळा अडकून चाकच जाम होतं. इथे रुंदीपेक्षा खाचांची खोली आणि त्यांच्यातली मोकळी जागा महत्त्वाची. नव्याने मुरूम टाकलेल्या पांदणीवर उलट: वरची पापडी फोडू नये म्हणून चौडा आणि कमी हवेचा टायर बरा. वैनगंगेच्या वाळूतही तोच.

ओळखायला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, पुरते. पावसानंतर वाटेत चार-पाच ठिकाणी सब्बल दाबून बघावी. गाडीच्या पोटाखालच्या अंतराच्या आत, म्हणजे बोलेरोला सुमारे 18 सेंटीमीटर आणि नव्या थारला साडेबावीस, कडक लागलं तर बारीक टायरवर भरवसा ठेवावा. सब्बल हातभर गेली तर कोणताच टायर पुरेसा नाही. दुसरी वाट शोधावी.

हवा उतरवताना ट्यूबवाल्या टायरला 20 पीएसआयच्या खाली नेऊ नये. चाक जागेवर फिरलं की टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. ट्यूबलेसला 15 च्या खाली कडेची रिमवरची पकड सुटून हवा एकदम जाऊ शकते. चौडे टायर मूळ रिमवर कोंबले तर ठसा मधून फुगतो. रिम बाहेर काढली तर बेअरिंगवर भार वाढतो. आणि डांबरी लागण्याआधी हवा परत भरावी, नाहीतर बाजू तापून टायरच्या आतले थर सुटायला लागतात.