मलाय साहित्यातील प्रयोगशील लघुकथा

मलाय भाषेत लघुकथेला ‘चर्पेन’ म्हणतात. ‘चरिता पेन्देक’, म्हणजे छोटी गोष्ट, याचे हे जोडरूप. आजच्या मलेशियातील केलांतान राज्यातल्या कोता भारू शहराच्या ‘पंगासुह’ नियतकालिकात १९२० साली आलेली कथा साधारणपणे पहिली आधुनिक मलाय लघुकथा मानली जाते. १९५० साली सिंगापुरात स्थापन झालेल्या ‘आसास ५०’ या लेखकसंघाने ‘समाजासाठी कला’ हे ब्रीद घेतले आणि सरळ, वास्तववादी कथा रूढ केली. प्रयोग सुरू झाले ते या चौकटीला कंटाळून. मलेशियातल्या केदाह राज्याच्या शेतकऱ्यांचे जिणे लिहिणारे लेखक शाहनोन अहमद हेच १९७० च्या दशकात असंगत (ॲब्सर्ड) कथेकडे वळले, हे लक्षणीय आहे.

प्रयोगाची बरीचशी साधनसामग्री घरचीच आहे. जुन्या ‘हिकायत’ (मलाय गद्य आख्यान) हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसत. ‘सबरमुला’, ‘शहदान’, ‘हत्ता’ असे शब्द नवा भाग सुरू झाल्याची खूण करत. आधुनिक कथेत हे शब्द आणले की निवेदक एकदम दरबारी कथेकऱ्याच्या थाटात बोलू लागतो आणि उपहास आपोआप साधतो. मलेशियाचे लेखक अन्वर रिदवान यांच्या ‘नाराटिफ ओगोनशोतो’ (२००१) मध्ये पॅसिफिकमधल्या एका काल्पनिक द्वीपप्रजासत्ताकाच्या कथा एकमेकींत गुंतल्या आहेत. देश कल्पित असल्याने सत्ताधाऱ्यांवर बोलायला मोकळीक मिळते. पुस्तकाला कथासंग्रह म्हणावे की कादंबरी, हा प्रश्न मात्र उरतोच.

दुसरे साधन व्याकरणाचे. मलाय क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘सुदाह’ (झाले), ‘आकान’ (होणार) असे सुटे शब्द काळ सांगतात. ते गाळले की भूत, वर्तमान आणि स्वप्न यांच्यातली सीमा पुसते, आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्धच राहते. ‘दिया’ या सर्वनामात तो-ती हा भेद नाही, त्यामुळे पात्राचे लिंग शेवटपर्यंत झाकून ठेवता येते. मराठी अनुवादक नेमका इथेच अडतो: ‘आला’ की ‘आली’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. भूतकाळातले सकर्मक क्रियापद घेतले (‘त्या व्यक्तीने दार उघडले’), तर क्रियापद दाराप्रमाणे चालते आणि थोडी सुटका होते. पण पानभर हे निभत नाही, आणि ‘ती व्यक्ती’ची पुनरुक्ती पोलिसी पंचनाम्यासारखी वाटू लागते.

फसलेल्या प्रयोगांचे कारण बहुधा एकच असते: काळदर्शक शब्द गाळले जातात, पण वाचकाला धरून ठेवणारी दुसरी खूण दिली जात नाही. एखादी वस्तू, हाक किंवा ठरावीक वाक्य फिरून फिरून यावे लागते. ‘हत्ता’ ते काम पूर्वी करतच होता.