आखडलेला घोटा आणि फिजिओथेरपिस्टचे हात

घोटा मुरगळल्यावर किंवा प्लॅस्टर निघाल्यावर सूज उतरते, दुखणंही कमी होतं; पण जिना उतरताना किंवा उकिडवं बसताना टाच जमिनीवर टिकत नाही. पुष्कळ जण पोटरी आखडली असं समजून तीच ताणत राहतात. ताण पोटरीत जाणवत असेल तर ते ठीकच. पण घोट्याच्या पुढच्या बाजूला काही अडल्यासारखं वाटत असेल, तर सांध्याकडेही पाहायला हवं.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. त्यातलं टेलस हे हाड मला सर्वांत विलक्षण वाटतं, कारण त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. नडगीचं हाड आणि त्याच्या बाजूचं बारीक हाड मिळून जी खोबण होते, तिच्यात ते बसतं. पुढून रुंद, मागे निमुळतं. गुडघा पावलाच्या पुढे झुकतो तेव्हा टेलसला किंचित मागे सरकावं लागतं. हे सरकणं आपल्याला ठरवून, वेगळं असं करता येत नाही. बाहेरून हाताने मात्र ते करता येतं.

फिजिओथेरपिस्ट नडगी स्थिर धरून टेलसला हलक्या, लयबद्ध दाबाने मागे ढकलतात. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी या दाबाच्या चार पायऱ्या ठरवल्या: पहिल्या दोन दुखण्यासाठी, पुढच्या दोन ताठरपणासाठी. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांनी त्यात रुग्णाची हालचाल जोडली. रुग्ण पाऊल टेकवून गुडघा पुढे नेतो आणि त्याच वेळी थेरपिस्ट पट्ट्याने नडगी पुढे ओढतात. अशा वेळी दुखता कामा नये. दुखलं तर दाबाची दिशा बदलायची.

घोटा मोकळा झाला तरी अंगठा पाहायचा राहतोच. चालताना टाच उचलली, की अंगठा वर वळतो, तळव्यातला चिवट ऊतींचा पट्टा ताणला जातो आणि पावलाची कमान उंचावते. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये हे वर्णन केलं. अंगठा ताठ असेल तर पाऊल कडेने ढकलून चालायची सवय लागते.

उपचारानंतर हालचाल बरेचदा लगेच वाढते. त्यात ऊती ताणल्या जाण्यापेक्षा मज्जासंस्थेचा वाटा मोठा असावा: दुखण्याचे संदेश मंदावतात, स्नायूंची राखणदारी, म्हणजे दुखू नये म्हणून आखडून राहणं, सैल होते. म्हणूनच हा परिणाम टिकाऊ नसतो, आणि मिळालेली हालचाल त्याच दिवशी व्यायामात वापरायला हवी, असा माझा आग्रह आहे. नुसतं टेबलावर पडून उपचार घेत राहणं मला पटत नाही.

हाड न जुळलेलं फ्रॅक्चर किंवा सांध्यातला जंतुसंसर्ग असेल तर हे उपचार करू नयेत. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणं असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा मालिशही नको, आधी डॉक्टर.

प्रगती घरीच मोजता येते. भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. पाऊल मागे नेत नेत, जिथवर गुडघा टेकतो तिथलं अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही पायांचं मोजा. दोन पायांतला फरक उपचारांपूर्वी आणि नंतर लिहून ठेवा.