बॅटरी भरलेली, फ्रिज बंद

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. डिकीत छोटा कॉम्प्रेसर फ्रिज होता. त्यात दूध, आंबे आणि आईची न उघडलेली इन्सुलिनची पेनं. ही पेनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, म्हणून तर हा सगळा खटाटोप. रात्री अडीचच्या सुमारास फ्रिजची घरघर थांबली, आणि पॅनेलवर बॅटरी उतरल्याचा इशारा लुकलुकायला लागला. मी बोनेट उघडलं, टॉर्च तोंडात धरला आणि दुसऱ्या बॅटरीला मीटर लावला. १२.५ व्होल्ट! म्हणजे बॅटरी चांगली भरलेली होती. डिकीतल्या सॉकेटवरही मीटर तेच सांगत होता. पेनं टॉवेलात गुंडाळून गार पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली आणि पहाटेपर्यंत जागी राहिले.

फोर बाय फोर गाड्यांमध्ये दुसरी बॅटरी बसवतात ती याच कामासाठी. ऑस्ट्रेलियात, जिथे दोन गावांमध्ये शेकडो किलोमीटर काहीच नसतं, तिथे ही जोडणी नेहमीची आहे. आपल्याकडेही लडाख-स्पितीला गाडी घेऊन जाणारे आता ती करून घेतात. पहिली बॅटरी सेल्फ मारण्यासाठी. तिच्यात पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात, म्हणून ती काही सेकंद शेकडो अँपिअर देऊ शकते, पण तिला वारंवार खोलवर रिकामं केलं तर ती लवकर मरते. दुसरी जाड प्लेटांची, हळूहळू आणि तासन्‌तास देणारी. दोघींच्या मध्ये एक रिले. इंजिन चालू झालं, व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोघींना जोडतो, आणि १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. त्यामुळे फ्रिजने रात्रभर दुसरी कितीही रिकामी केली तरी सकाळी गाडी सुरू होते.

पुण्यात परतल्यावर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेले. मला वाटलं, ते आधी बॅटरी तपासतील. त्यांनी हेडलाइटचा एक जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी डकवलेल्या होत्या. "ताई, मीटर मोकळा लावून काही कळत नाही. त्याला काम द्या, मग बघा," म्हणाले आणि बल्ब फ्रिजच्या सॉकेटला जोडला. तो लागला, पण पिवळट, आजारी. आता बॅटरीवर मीटर १२.४ दाखवत होता आणि सॉकेटवर ११.३. माझा फ्रिज ११.८ च्या खाली आपोआप बंद होतो. रात्रीचं कोडं तिथेच उलगडलं.

सुट्या मीटरने फसवलं कसं, ते सांगायलाच हवं, कारण इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा करंट एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा करंटला वाटेतला खराब जोड जाणवतच नाही. गंजलेल्या फ्यूजमध्ये हजार ओहमचा अडथळा असला तरी मीटर निवांतपणे १२.६ दाखवेल. प्रत्यक्षात त्या जोडातून फ्रिज तर सोडाच, डॅशबोर्डचा छोटा दिवाही धड लागणार नाही. नळ बंद असताना पाइपातला दाब टाकीइतकाच असतो. पाइप किती चोंदलाय ते नळ सोडल्यावरच समजतं. बल्बने तो नळ सोडला होता. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे छोट्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरएवढाच.

मग काकांनी मीटरची एक टोचणी बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सॉकेटच्या प्लसवर ठेवली. बल्ब लागलेलाच. मीटरवर ०.४ आलं. एकाच वायरीच्या दोन टोकांमध्ये ०.४ व्होल्ट, म्हणजे तेवढं वाटेत खर्ची पडतंय. पाच मीटर वायर दीड स्क्वेअर मिलीमीटरची निघाली. तांब्याच्या हिशोबाने तिचा रोध ०.०६ ओहमच्या जवळपास, त्यावर साडेचार अँपिअरला पाव व्होल्ट जातोच. उरलेलं फ्यूज होल्डर आणि सॉकेटच्या ढिल्या स्प्रिंगने खाल्लं. नंतर हीच परीक्षा मायनसची. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सॉकेटच्या मायनसला. ०.७ व्होल्ट! निम्म्याहून जास्त नुकसान अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वाटेत. मॅट उचलली तर वायरिंग करणाऱ्याने अर्थिंगचा स्क्रू सरळ बॉडीच्या रंगावर आवळलेला. स्क्रूच्या आट्यांपुरता जेवढा पत्रा उघडा झाला तेवढाच संपर्क, आणि त्यावर पावसाळ्याने तांबूस गंज चढवलेला. मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं, कारण तोवर दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या.

काकांनी सॉकेट बदललं, बॅटरीपासून डिकीपर्यंत ६ स्क्वेअरच्या दोन स्वतंत्र वायरी ओढल्या, लग, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या, नीट दाबून बसवले आणि प्लसवर बॅटरीलगतच फ्यूज टाकला. पुन्हा बल्ब लावला. बॅटरीवर १२.४, सॉकेटवर १२.२.

हे झालं फ्रिजकडच्या बाजूचं. चार्जिंगच्या बाजूलाही हीच परीक्षा चालते, फक्त तिथे करंट मोठा. दुसरी बॅटरी डिकीत ठेवली आणि जाऊन-येऊन १० मीटर ६ स्क्वेअरची वायर टाकली, तर २५ अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, १४.२ देतो, बॅटरीला मिळतात १३.५. लेड-ॲसिड बॅटरी तेवढ्यावर पूर्ण भरायला फार वेळ घेते. ती कायम अर्धवट राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात, आणि वर्षभरात 'बॅटरीच खराब निघाली' असं म्हणायची वेळ येते.

नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. त्यांचा अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो. पहिली बॅटरी पुरेशी भरली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज १३ च्या खालीही उतरवतो. मग रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, आणि तो दुसरी बॅटरी तोडून टाकतो. दिवसभर गाडी चालवूनही ती रिकामीच. अशा गाडीत साध्या रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जर लागतो, जो कमी व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवं तसं देतो.

रिलेचा उलटा आजार म्हणजे त्याचे कॉन्टॅक्ट चिकटणं. मग दोन्ही बॅटऱ्या रात्रीही जोडलेल्या राहतात आणि सकाळी सेल्फ लागत नाही. ओळखायला सोपं आहे: इंजिन बंद करून, फ्रिज चालू ठेवून तासाभराने दोन्हींचं व्होल्टेज बघा. ते जोडीने खाली सरकत असेल, तर रिले चिकटलाय. मात्र गाडी थांबल्या थांबल्या मोजू नका. चार्जिंगनंतर प्लेटांजवळचं ॲसिड काही तास जास्त दाट राहतं, त्यामुळे थकलेली बॅटरीसुद्धा १२.९ दाखवते. हेडलाइट काही मिनिटं लावून मग बघितलं की खरा आकडा दिसतो. आणि हे करताना अंगठी, कडं काढून ठेवा. पान्हा प्लस आणि बॉडीला एकदम लागला तर शेकडो अँपिअर वाहतात. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवाच, कारण तिच्या दोन्ही बाजूंनी वीज येते.

सप्टेंबरात स्पितीला जायचंय. लिथियम बॅटरी घे म्हणून बरेच जण सांगतात. हलकी असते, खोलवर वापरता येते हे खरं. पण शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते, आणि तिथल्या पहाटेची मला खात्री नाही. सध्या लेडचीच ठेवलीय. आज सकाळी नव्या वायरींवर पुन्हा बल्ब लावून पाहिला: प्लसवर ०.१, मायनसवर ०.१.