ग्राफिक डिझाइनचे शिक्षण (ठाणे व नवी मुंबई)

ग्राफिक डिझाइनचे शिक्षण : अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांच्या मांडणीतून आशय पोहोचवण्याच्या कलेचे पदवी पातळीवरील शिक्षण. ठाण्यापासून ऐरोली, वाशी, बेलापूरमार्गे पनवेलपर्यंतच्या पट्ट्यातील विद्यार्थ्यांपुढे त्यासाठी मुख्यतः दोन वाटा असतात : बी. एफ. ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) यातील उपयोजित, म्हणजे व्यावसायिक कला, आणि बी. डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन). दोन्ही अभ्यासक्रम चार वर्षांचे. पदवीनंतरचे काम बरेचसे सारखेच असले, तरी दोन्हींची दारे फार वेगळी आहेत.

पहिली वाट, बी. एफ. ए.ची, जुनी. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ च्या सुमारास व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये त्यातून उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ठाण्या-डोंबिवलीच्या अनेक घरांत ‘आर्टला जाणे’ म्हणजे आजही सीएसएमटीची लोकल पकडणे. या वाटेची तयारी शाळेतच, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपासून सुरू होते. त्यांतला भूमिती व अक्षरलेखनाचा पेपर मुले कंटाळून सोडवतात. पण अक्षराची उंची, जाडी आणि दोन अक्षरांमधले अंतर यांचा पहिला धडा तिथेच मिळतो. राज्याच्या कला सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान यांची परीक्षा होते. हाताला वळण असलेल्याला ही वाट सोयीची.

दुसऱ्या वाटेवर रेखाटनाइतकेच महत्त्व कल्पकतेला आणि तर्काला आहे. बी. डेस.च्या प्रवेशासाठी आयआयटी मुंबई २०१५ पासून ‘यूसीड’ ही परीक्षा घेते. खारघरला ‘निफ्ट’ या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र आहे, तिथल्या फॅशन कम्युनिकेशन या पदवीत ग्राफिक डिझाइन, छायाचित्रण आणि दुकानातील दृश्यमांडणी असे विषय एकत्र येतात. निव्वळ ग्राफिक डिझाइनच हवे असणाऱ्याने ही गोष्ट प्रवेशाआधी पाहून घ्यावी. ठाण्या-वाशीला स्टेशनजवळ चालणारे फोटोशॉप, कोरलड्रॉचे क्लास हा तिसरा पर्याय समजला जातो, पण तिथे सॉफ्टवेअर शिकवतात; डिझाइन नव्हे.

पहिल्या वर्षी रंगसिद्धांत, द्विमित व त्रिमित संकल्पन, रेखाटन आणि अक्षरांकन असते. पुढे बोधचिन्ह, पॅकेजिंग, पुस्तकमांडणी, जाहिरात मोहीम आणि आता अ‍ॅपचे स्क्रीन. मूल्यमापन लेखी पेपरपेक्षा सबमिशन आणि ज्युरीवर चालते : काम भिंतीवर लावायचे आणि ते तसेच का केले, हे सांगायचे.

मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती देवनागरीत. मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, उकार खाली. त्यामुळे रोमनसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. रोमनमध्ये कॅपिटल अक्षरांनी मथळा उठून दिसतो, ती सोय इथे नाही. वजन (अक्षराची जाडी), आकार आणि जागा यांवरच भागवावे लागते. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ते प्रमाण ठरवले, तरी फुकट मिळणाऱ्या बऱ्याच फॉण्टमध्ये हिंदी वळणच येते आणि नवख्याच्या ते ध्यानातही येत नाही. शिवाय ग्राहकाकडून मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉण्ट-सॉफ्टवेअरमध्ये आला, की तो युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) बदलून घेण्याचे काम वेगळेच. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य कंपोझर (अक्षरे व ओळी जुळवणारी सोय) निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात.

या विषयातली परंपरा मात्र जवळच आहे. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात शिकवले. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉण्ट त्यांचाच. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना अक्षरांतूनच नाट्य दिले. सुलेखनकार अच्युत पालव (पद्मश्री, २०२५) यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून तिची वळणे आजच्या सुलेखनात आणली. वर्गात स्विस पोस्टरांची जितकी चर्चा होते, तितकी यांच्या कामाची व्हायला हरकत नाही.

छपाईचे ज्ञान वर्गाबाहेर मिळते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये छपाई-पॅकेजिंगचे कारखाने आहेत. स्क्रीनवरचा झगझगीत निळा चार शाईंच्या छपाईत मळकट का उतरतो, ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) न सोडल्यास कडेला पांढरी रेघ कशी राहते, पुठ्ठ्याची घडी कोणत्या दिशेने तडकते, हे प्लेट लावणाऱ्या माणसाशेजारी उभे राहिल्यावर लवकर कळते. अनेकांची पहिली कमाई त्याहून साध्या कामाची असते : लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळाची अहवाल-पुस्तिका किंवा चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. शेवटच्या प्रकारात नेत्याचा फोटो किती मोठा असावा, हे डिझायनर ठरवत नाही.