एका चार्जमध्ये गाडी किती जाते आणि वाटेतला चार्जर कसा असावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विजेवरच्या गाडीसाठी घरी चार्जर बसवून घ्यायला आमच्याकडे येणारे ग्राहक बोलण्याची सुरुवात बहुधा पुण्याच्या फेरीपासून करतात. साताऱ्याहून सकाळी निघून, पुण्यातली कामे आटोपून, रात्री मुक्कामाला घरी परत येता येईल का, हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर गाडीच्या बॅटरीवर, रस्त्यावर आणि पुण्यात किंवा वाटेत मिळणाऱ्या चार्जरवर अवलंबून असल्याने समोरासमोर दोन वाक्यांत ते देता येत नाही, म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

कागदावरचा पल्ला

गाडीच्या पत्रकात छापलेला पल्ला प्रमाणित चाचणीतून येतो. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. चाचणीत गाडी रोलरवर चालवली जाते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि खंबाटकीचा घाट किंवा समोरून येणारा वारा तिथे नसतो. टाटाच्या नेक्सॉन या विजेवरच्या गाडीचा, ४५ युनिटांच्या बॅटरीसह, प्रमाणित पल्ला ४८९ किलोमीटर आहे, म्हणजे एका युनिटला जवळपास ११ किलोमीटर. (बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात, एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट.) चार माणसे, सामान आणि एसी घेऊन महामार्गावरून जाताना आमच्या अनुभवात अशा गाडीला युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरणे शहाणपणाचे ठरते. यात फसवणूक झाली असे समजू नये. दोन गाड्यांची तुलना करायला चाचणीचा आकडा उपयोगी आहे, प्रवास ठरवायला मात्र तो घेऊ नये.

सर्वांत मोठा फरक वेगाने पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. ज्यांना पल्ल्याची धाकधूक वाटते त्यांनी पाय थोडा हलका ठेवून ८० ते ८५ च्या वेगाने जावे. पुण्यापर्यंत त्याने पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतील, पण वाटेत चार्जिंगसाठी थांबावे लागले असते तर त्याहून अधिक वेळ गेला असता.

घाटाची भीती मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. मेढा-केळघर मार्गाने महाबळेश्वरला जाताना गाडी साधारण ६०० मीटर वर चढते. माणसांसह १,७०० किलो वजनाच्या गाडीला एवढ्या चढासाठी लागणारी जादा ऊर्जा सुमारे तीन युनिटे, आणि मोटारीतला ऱ्हास धरला तरी साडेतीनच्या आसपास भरते. उतरताना मोटर उलट जनित्राचे काम करते आणि त्यातली बरीचशी वीज बॅटरीत परत येते. फक्त घराबाहेर पडतानाच बॅटरी काठोकाठ भरलेली असेल आणि लगेच उतार लागत असेल, तर ही परतीची वीज साठवायला जागा उरत नाही, याची घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पुण्याच्या फेरीचा हिशेब

जाऊन-येऊन अंतर सुमारे २२० किलोमीटर आणि शहरातले ३० धरले, तर एकूण २५० होतात. घरून शंभर टक्के भरून निघावे आणि शेवटचे १५ टक्के राखीव ठेवावेत, अशी आमची शिफारस आहे. ४५ युनिटांच्या गाडीत वापरायला ३८ युनिटे मिळतात आणि त्यांत ही फेरी जेमतेम बसते. म्हणून अशा ग्राहकांनीही पुण्यात अर्धा तास चार्जिंगसाठी ठेवावा. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची आहे. तिला याच हिशेबाने १६५ किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो, त्यामुळे पुण्यात निदान १३ युनिटे भरणे भागच पडते. जलद डीसी चार्जरवर (जो थेट बॅटरीत वीज भरतो) हे काम अर्ध्या-पाऊण तासात होते. ७ किलोवॉटच्या, म्हणजे तासाला ७ युनिटे देऊ शकणाऱ्या चार्जरवरही ही जुनी गाडी सुमारे ३.३ किलोवॉटच घेत असल्याने चार तास लागतात, आणि नातेवाइकांच्या घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवरही तेवढेच. फेरी तीच आणि गाडीही तीच असली, तरी जेवणाच्या वेळेत काम उरकणार की अख्खी दुपार अडकून पडणार, हे चार्जर ठरवतो.

वाटेतला चार्जर

आमच्या मते पल्ल्याच्या चिंतेचे खरे मूळ इथे आहे. गाड्या पुढे गेल्या आणि चार्जर मागे राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या गाडीची ७९ युनिटांची बॅटरी १८० किलोवॉटच्या चार्जरवर २० मिनिटांत २० वरून ८० टक्क्यांवर जाते, असे कंपनी सांगते. तीच गाडी ३० किलोवॉटच्या चार्जरवर लावली, तर त्याच ४७ युनिटांना दीड तासाहून अधिक लागतो, आणि आपल्या आधी एक गाडी उभी असेल तर तिची वेळ त्यात धरावी लागते. ६० किलोवॉट अशी पाटी असलेल्या चार्जरला दोन गन (गाडीत खोचायची केबलची टोके) असतात तेव्हा दुसरी गाडी लागताच अनेक ठिकाणी शक्ती ३०-३० अशी वाटली जाते, हेही ग्राहकांनी लक्षात ठेवावे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर चार्जिंग स्थानक असावे, असे म्हटले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. या दोन्हींचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण दर २५ किलोमीटरवर एकेकटा मंद चार्जर उभा करण्यापेक्षा दर ५० किलोमीटरवर चार-सहा वेगवान आणि कायम चालू चार्जर एकत्र असणे प्रवाशाच्या अधिक उपयोगाचे आहे, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण एकट्या चार्जरमध्ये बिघाड झाला की स्थानक असूनही नसल्यासारखे होते.

गेल्या दिवाळीत आमचे एक सहकारी कुटुंबासह रात्री नऊ वाजता अशाच एका चार्जरपाशी पोहोचले. ॲपवर हिरवी खूण होती, प्रत्यक्षात पडदा काळा होता, आणि पाटीवरचा मदत क्रमांक कोणी उचलला नाही. बॅटरी ११ टक्के होती. एसी बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून, ताशी ४५ च्या वेगाने ते पुढच्या चार्जरला पोहोचले तेव्हा ४ टक्के उरले होते आणि मागच्या आसनावरची मुले रडून रडून झोपली होती. तेव्हापासून आम्ही ग्राहकांना सांगतो, की वीस टक्क्यांच्या आत येण्यापूर्वी चार्जर गाठावा, त्याच्या पुढचा चार्जर कुठे आहे हे आधी पाहून ठेवावे, निदान दोन ॲपमध्ये थोडे पैसे भरून ठेवावेत आणि ॲपवर त्याच दिवशी कोणी तिथे गाडी चार्ज केल्याची नोंद आहे का ते तपासावे. तसेच ८० टक्के झाले की गन काढावी. त्यापुढे बॅटरी वीज सावकाश घेते, आणि मागे कोणीतरी थांबलेले असते.

घरचा चार्जर

रोज ५०-६० किलोमीटर फिरणाऱ्यांना ७ किलोवॉटच्या चार्जरची गरज बहुधा नसते. १५ अँपिअरचा प्लग रात्रीच्या आठ तासांत सुमारे २५ युनिटे देतो आणि त्यात दीडशे किलोमीटर निघतात. आमचे उत्पन्न मोठा चार्जर बसवण्यात असले तरी हे आम्ही आधी सांगतो. मात्र त्या प्लगला मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि गळती-संरक्षण असलेच पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नये. वितळून काळे पडलेले सॉकेट आम्ही कितीतरी घरांतून काढले आहेत.

गाडी चार्जच होत नाही, अशी तक्रार येते तेव्हा दोष पुष्कळदा अर्थिंगमध्ये सापडतो. जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, न्यूट्रल आणि अर्थ या तारांमधला विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो आणि गाडी सुरक्षेसाठी वीज घ्यायला नकार देते. आमचा वायरमन चार्जर बसवण्यापूर्वी हा दाब मोजतो आणि गरज असल्यास नवा खड्डा घेण्यास सांगतो. हा खर्च टाळू नये, ही कळकळीची विनंती आहे. ७ किलोवॉटचा चार्जर हवाच असेल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याची मुभा फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी ग्राहकाला दिली आहे.

भेटीला येताना अलीकडचे वीजबिल, मीटरपेटीचा फोटो आणि मीटरपासून गाडी उभी राहते तिथपर्यंतचे अंतर फुटांत मोजून आणावे. महिन्यातून दोनदा तरी घडणारा आपला सर्वांत लांबचा प्रवास कोणता, तेही लिहून आणावे. त्याचा हिशेब आम्ही आपल्यासमोर कागदावर मांडून देऊ, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेतले जात नाही.