द्विदल पिके आणि रायझोबियम जिवाणूंचे सहजीवन

शेंगा धरणाऱ्या द्विदल वनस्पती आणि मातीतील रायझोबियम गटातले जिवाणू यांचे परस्परांना उपयोगी पडणारे नाते. जिवाणू मुळांवरच्या गाठींत राहून हवेतील नत्राचा (नायट्रोजनचा) अमोनिया करतात. वनस्पती त्याबदल्यात पानांत तयार झालेली शर्करा त्यांना पुरवते. हवेत सुमारे 78 टक्के नत्र असते, पण त्याच्या रेणूतला तिहेरी बंध कोणत्याही वनस्पतीला स्वतःहून तोडता येत नाही. हर्मान हेलरिगेल आणि हर्मान विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 ते 1888 या काळात हे नाते प्रयोगाने सिद्ध केले. निर्जंतुक वाळूत खुंटलेला वाटाणा त्याच वाळूत शेतातल्या मातीचा अर्क घातल्यावर जोमाने वाढला. 1888 मध्येच डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला.

मातीत नत्र कमी असले की मुळे फ्लॅव्होनॉइड द्रव्ये सोडतात. योग्य जातीचा जिवाणू त्याला उत्तर म्हणून 'नॉड घटक' हे गाठ धरण्याचा इशारा देणारे द्रव्य सोडतो. मग केशमूळ टोकाशी आकडीसारखे वळते, जिवाणू त्या वळणात अडकतो आणि एका बारीक नळीवाटे आत शिरतो. भुईमुगात ही वाट नाही. तेथे उपमुळे फुटताना पडलेल्या फटींतून जिवाणू आत जातो. गाठीत नत्राचा अमोनिया करण्याचे काम नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) करते. नत्राच्या एका रेणूसाठी त्याला एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे 16 रेणू लागतात आणि ऑक्सिजनने ते निकामी होते. पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच. ही अडचण लेगहिमोग्लोबिन हे गाठीतले, रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे प्रथिन सोडवते: ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि मोजून देते. निरोगी गाठीचा गुलाबी रंग त्याचाच.

जोडी मात्र ठरलेली असते. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम, हरभऱ्याला मेसोरायझोबियम, मेथी व लसूणघासाला एन्सिफर मेलिलोटी लागतो. हरभऱ्याचे संवर्धक (बियाण्याला लावायचे जिवाणू खत) सोयाबीनला लावून काहीही साधत नाही.

हलक्या जमिनीत या नात्याचे खरे गणित दिसते. नत्राची गरिबी गाठींना चालते. उलट मातीत नायट्रेट भरपूर असेल तर वनस्पती गाठी धरायचेच टाळते, कारण एक ग्रॅम नत्र मिळवण्यासाठी तिला साधारण 6 ग्रॅम कार्बन खर्चावा लागतो. म्हणून पेरणीच्या वेळी हेक्टरी 20 ते 25 किलोपेक्षा जास्त नत्र देणे म्हणजे गाठी बंद पाडणे. स्फुरदाची (फॉस्फरसची) गरिबी मात्र अजिबात चालत नाही. एवढे एटीपी बनवायला स्फुरद लागते. ते कमी पडले की गाठी थोड्या, बारीक आणि उशिरा येतात. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून लोहाशी जखडलेले स्फुरद मोकळे करतात, आणि बऱ्याच द्विदल पिकांना मायकोरायझा ही मुळांशी जोडून राहणारी बुरशी दूरचे स्फुरद आणून देते. तरीही रिकाम्या मातीतून फारसे काही निघत नाही. मॉलिब्डेनम नायट्रोजिनेजचाच घटक आहे. हेक्टरी काहीशे ग्रॅम पुरते, पण सामू (पीएच) 5.5 च्या खाली गेला की मातीत असलेलेही पिकाला मिळत नाही, आणि विरघळलेले ॲल्युमिनियम केशमुळांना मारते. अशा जमिनीत आधी चुना, मग संवर्धक. चुनखडीयुक्त जमिनीत लोह कमी पडून लेगहिमोग्लोबिनच घटते.

बीजप्रक्रियेसाठी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक वापरतात. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम गूळ उकळून द्रावण पूर्ण गार करावे. कोमटही नको, जिवाणू मरतात. बी नुसते ओलसर होईल एवढेच द्रावण घ्यावे, संवर्धक हलक्या हाताने चोळून बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी ओलीवर पेरावे. सोयाबीन व भुईमुगाचे साल नाजूक असते. द्रावण जास्त झाले किंवा जोरात चोळले की साल सुटते आणि उगवण घटते. बुरशीनाशक लावायचे तर आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. मॉलिब्डेनमचे क्षार संवर्धकात मिसळू नयेत, तेही जिवाणूला मारक आहेत. उन्हात ठेवलेले पाकीट वापरून फसलेली प्रक्रिया ही सर्वात सामान्य चूक आहे, आणि बाहेरून ती ओळखूही येत नाही.

तपासणी फुलोरा सुरू होताना करावी. रोप उपटू नये, गाठी मातीतच राहतात. खुरप्याने मातीच्या गड्ड्यासह काढून पाण्यात भिजवावे. गाठ ब्लेडने चिरली की आत गुलाबी किंवा लालसर असेल तर ती काम करते आहे. पांढरी गाठ एकतर कोवळी असते, नाहीतर कुचकामी जिवाणूची; हिरवट गाठ म्हातारी झालेली. सोटमुळाच्या वरच्या भागात मोठ्या गाठींचा झुबका असेल तर तो बहुधा बियाण्याला लावलेल्या जिवाणूचा. उपमुळांवर विखुरलेल्या बारीक पांढऱ्या गाठी बहुतेक वेळा मातीतल्या मूळच्या जिवाणूंच्या असतात. ते संख्येने जास्त असले की आणलेल्या जिवाणूला जागाच मिळत नाही. सूत्रकृमीची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमीची) गाठ वेगळी ओळखावी: ती म्हणजे मूळच फुगलेले असते, नखाने सुटत नाही, रायझोबियमची गाठ सहज निखळते. पाणी साचलेल्या वाफ्यात ऑक्सिजनअभावी गाठी काम थांबवतात.

द्विदल पीक घेतले की जमीन आपोआप सुधारते, हा समज अर्धाच खरा आहे. मिळवलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो, आणि दाणा व पालापाचोळा दोन्ही शेताबाहेर नेले तर मातीतले नत्र उलट कमी होऊ शकते. मातीला खरा लाभ हिरवळीच्या खताचा. ताग किंवा धैंचा फुलोऱ्याच्या सुरुवातीला गाडला तर पाने व कोवळी खोडे लवकर कुजतात. उशीर झाला की खोड तंतुमय होते, कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक सुरुवातीला पिवळे पडते.