स्वतः बांधलेल्या गाडीचं मिसिंग कसं शोधावं

कारखान्यातून आलेली गाडी मिसिंग मारायला लागली (सिलिंडरमधलं पेटणं मधूनच चुकून इंजिन अडखळू लागलं), तर निदान एवढं तरी गृहीत धरता येतं की ती आधी नीट चालत होती. म्हणजे मधल्या काळात काहीतरी झिजलं, तुटलं किंवा सैल झालं. स्वतः बांधलेल्या गाडीत हा आधारच नसतो. इंजिन एका गाडीतून काढलेलं, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) वेगळा घेतलेला, टाकी स्वतः वेल्डिंग करून बनवलेली, वायरिंग स्वतःच्या हातानं ओढलेलं. सुटा प्रत्येक भाग उत्तम असू शकतो आणि तरीही इंजिन अडखळतं, कारण हे भाग एकत्र कधी चाललेलेच नसतात. म्हणून अशा गाडीत नवे प्लग, नवी कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणारी), नवे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) असा खर्च करत सुटण्याआधी भागांमधले जोड तपासावेत, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कानांपासून करावी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्या) एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा पेटायला हवा. तो एकटाच मेला असेल तर इंजिनाला बसणारा हिसका अगदी ठेक्यात येतो. हिसके कसेही, कधीही येत असतील तर दोष बहुधा सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या गोष्टीत असतो: पेट्रोलचा दाब, क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टची स्थिती ईसीयूला सांगणारा), अर्थिंग (वीज बॅटरीकडे परत जाण्याची वाट), ईसीयूचा वीजपुरवठा. या एका फरकानं शोधाचं निम्मं क्षेत्र बाजूला पडतं.

ठेका असेल तर सिलिंडर हुडकणं सोपं आहे. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पुन्हा लावायचा. ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. प्लगची वायर उपटून हीच चाचणी करण्याची सवय अनेकांना असते, पण ती टाळावी. प्लगकडे जाणारा हजारो व्होल्टचा विजेचा दाब वाट न मिळाल्यानं कॉइल किंवा ईसीयू जाळू शकतो, हाताला झटका बसतो आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं. सिलिंडर सापडला की त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करायची. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल वाईट, जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचा जोर). कॉम्प्रेशन गेजनं शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवले, तर आधी त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर (सिलिंडरांवरच्या झाकणाखालच्या सीलवर) संशय घ्यावा.

मिसिंग नेमकं कोणत्या वेळी होतं, हा पुढचा प्रश्न. इथे थोडं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. फ्रिड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये दाखवून दिलं, की दोन टोकांमधल्या वायूतून ठिणगी पाडायला लागणारा व्होल्टेज हा वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. प्लगच्या टोकांमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. उघड्या हवेत ती ओलांडायला काही हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण दाबलेलं असतं आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तर ते खच्चून भरलेलं असतं. तिथे वीस हजार व्होल्टच्या आसपास मजल जाऊ शकते. एवढा व्होल्टेज तयार झाला की वीज पाण्यासारखी सोपा उतार शोधते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरची केसासारखी चीर, कॉइलच्या रबरी बुटातली काळी रेघ, वायरीचं चिरलेलं आवरण, यांपैकी कुठूनही ती फट सोडून इंजिनाच्या धातूत उतरते.

म्हणूनच प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून 'ठिणगी पडते की!' असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. ती चाचणी अगदी सोप्या परिस्थितीतली असते. उभ्या गाडीत इंजिन शांत चालतं आणि चढावर, जोर लागला की अडखळतं, तर पहिला संशय इग्निशनवर (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर) घ्यावा.

उलट, उभ्या गाडीत अडखळणारं आणि वेगात सुधारणारं इंजिन बहुतेक वेळा हवा गळतीकडे बोट दाखवतं. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे गॅस्केटमधल्या बारीक फटीतूनही हवा आत खेचली जाते. आत जाणारी एकूण हवा तेव्हा थोडी असल्यानं ही भर त्या सिलिंडरला चांगलीच जाणवते. पेट्रोलसाठी हवेचं प्रमाण वजनानं १४.७ला १ असं असतं. मिश्रण त्याहून फार पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं की ते पेटतच नाही. घरी बनवलेल्या मॅनिफोल्डची वेल्डिंग आणि फ्लँज इथे आधी बघावेत. इंजिन बंद ठेवून आत धूर सोडला की गळती डोळ्यांना दिसते.

आता अर्थिंग. स्वतः बांधलेल्या गाड्यांमध्ये मला सर्वांत जास्त संशय याचाच येतो. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं, चॅसीवर जाड रंग, बॉडी फायबरची. कारखान्याच्या गाडीत पत्र्यातून सहज परत येणारी वीज इथे अडते. मल्टिमीटर रेझिस्टन्सवर लावून 'शून्य दाखवतोय' म्हणून समाधान मानू नये. मीटर तपासणीसाठी अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी जोड चांगलाच दिसतो. स्टार्टर मात्र शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. ०.०१ ओहमचा जोड साध्या मीटरला दिसत नाही, पण १५० अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट गळतो.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशावर), दुसरं इंजिनाच्या खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर. दुसऱ्या माणसानं स्टार्टर मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते चॅसी, चॅसी ते इंजिन असं एकेक पाऊल पुढे मोजत जायचं. जिथे आकडा उडी मारतो, तिथला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा डोळा) उघडा, रंग खरवडा, पुन्हा आवळा.

क्रँक सेन्सरची गोष्टही जोडाचीच. ३६ दात असलेल्या चाकावर एक दात मुद्दाम काढलेला असतो. दर १० अंशांनी एक दात येतो आणि रिकामी जागा आली की क्रँक कुठे आहे हे ईसीयूला कळतं. चुंबकीय सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर ती रिकामी जागा नीट ओळखली जात नाही आणि टायमिंग भरकटतं. याच वायरी प्लगच्या वायरींना चिकटून नेल्या तर प्रत्येक ठिणगी त्यांच्यात खोटा सिग्नल उमटवते. जाळीचं आवरण असलेली वायर वापरावी, त्या आवरणाचं अर्थिंग एकाच टोकाला करावं आणि रेझिस्टर असलेले प्लग लावावेत.

ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यावर मात्र मिसिंग चालू असताना विश्वास ठेवू नये. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो, सेन्सर फक्त तो ऑक्सिजन बघतो आणि मिश्रण पातळ असल्याचं सांगतो. ईसीयू मग पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडून भिजतात आणि मिसिंग आणखी वाढतं. एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत शिरत असेल तरी हाच गोंधळ होतो. दोष सापडेपर्यंत ही आपोआप होणारी दुरुस्ती ईसीयूत बंद करून ठेवावी.

राहता राहिलं फक्त वळणावर होणारं मिसिंग. टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असताना लांब वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि दाब कोसळतो. टाकीत आडवे पत्रे नसतील तर हे होणारच. वळण घेताना इंधनाच्या दाबाची नोंद ठेवली की खड्डा स्पष्ट दिसतो. मग टाकी उघडून पत्रे बसवायचे, नाहीतर पंपाच्या आधी एक छोटी, कायम भरलेली राहणारी टाकी जोडायची. मात्र पेट्रोल राहिलेल्या टाकीवर वेल्डिंग कधीच करायचं नाही. रिकामी दिसणारी टाकीसुद्धा वाफेनं भरलेली असते आणि तिचा स्फोट होतो.